मेक्सिकन खिमा-गोळ्यांचं तिखट सूप: तांदूळ कच्चा की शिजलेला?

मृण्मयी_शिकागो
नमस्कार मंडळी. इथे शिकागोत जानेवारी म्हणजे दार उघडायचीही इच्छा होत नाही असे दिवस, आणि घरात सगळ्यांना संध्याकाळी काहीतरी वाफाळतं, तिखट, वाडग्यात ओतून घ्यायचं हवं असतं. ऑफिसातली एक मैत्रीण मूळची मेक्सिकोतल्या पुएब्लाची, तिच्याकडे मागच्या आठवड्यात सोपा दे अल्बोन्दिगास खाल्लं, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचं सूप. दिसायला अगदी साधं, टोमॅटोचा लालसर पातळ रस्सा, त्यात गाजर, बटाटा, झुकिनी आणि मधेमधे गोळे. पण गोळा चमच्याने मोडला की आतून तांदळाचे फुगलेले दाणे दिसतात, पुदिन्याचा वास येतो, आणि घोट खाली उतरल्यावर मागून धुरकट तिखट वर येतं. ते चिपोतलेचं, म्हणजे धुरावर सुकवलेल्या मिरचीचं. मी तर तीन वाट्या घेतल्या आणि अजून घेतलं असतं पण लाज वाटली.

कृती विचारली तर "बघून बघून घालायचं" एवढंच उत्तर. या शनिवारी मित्रमंडळी जेवायला येणारेत म्हणून विचारते: ती म्हणते गोळ्यात तांदूळ कच्चाच घालायचा. तो खरंच शिजतो का, की शिजलेला भात घालू? गोळे आधी तळायचे की थेट रश्श्यात सोडायचे? तिच्याकडे बीफ आणि पोर्क अर्धं-अर्धं होतं, आमच्याकडे दोन्ही नाही, तर बोकडाचा किंवा टर्कीचा खिमा चालेल का? आणि चिपोतलेचा डबा आणलाय, त्यातल्या मिरच्या किती घालू, घरात दोन लहान मुलं आहेत.

खादाडखाऊ
फोटो कुठेय? फोटोशिवाय पाककृतीचा धागा म्हणजे अन्याय आहे.

सुगरणकाकू
मृण्मयी, थेट सोडू नकोस गं, फुटतील. आपण कोफ्ते करतो तसे हलके तळून घे, मग रश्श्यात सोड. आणि खिम्यात आलं-लसूण, थोडा गरम मसाला, भाजलेलं बेसन घाल एक चमचा, बांधून राहतं.

उंटावरचा_शहाणा
काकू, मग ते सूप नाही, कोफ्ता करी झाली. तीही चांगलीच लागेल, पण मेक्सिकोचा व्हिसा रद्द होईल :)

ग्वादालाहाराकर
मी कामानिमित्त मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात राहतो, आमच्या कँटीनमध्ये हे सूप थंडीत हमखास असतं, आणि खालच्या मजल्यावरच्या सेन्योरा (म्हणजे बाई) घरी करतात ते मी ओट्याशेजारी उभं राहून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांदूळ कच्चाच. त्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवतात, निथळून घेतात आणि मग खिम्यात मिसळतात. अर्धा किलो खिम्याला पाव कप, त्याहून जास्त नाही, कारण दाणा फुगतो आणि तांदूळ जास्त झाला की गोळ्याला भेगा जातात. शिजलेला भात घातला तर गोळा मऊ होतो पण मग तो आतला रस ओढून घेत नाही, नुसताच लगदा लागतो. शिवाय एक अंडं, बारीक चिरलेला पुदिना (आठ-दहा पानं), लसूण, मीठ, चिमूटभर जिरं, चिमूटभर ओरेगानो. बेसन नाही, पाव नाही, गरम मसाला तर नाहीच नाही.

तळायचे नाहीत. रस्सा मंद उकळत असताना एकेक सोडायचे आणि पहिली सात-आठ मिनिटं चमचा घालायचा नाही. वरचा फेस तेवढा काढायचा. पंधरा मिनिटांनी गाजर-बटाटा, शेवटच्या आठ-दहा मिनिटांत झुकिनी. एकूण पस्तीस-चाळीस मिनिटं.

आता रस्सा, कारण खरी चव तिथे आहे. चार टोमॅटो, अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या. मग चिपोतले घालून मिक्सरला बारीक आणि गाळून घ्यायचं. आणि यानंतरची पायरी लोक गाळतात: पातेल्यात चमचाभर तेल तापवून त्यात ही गाळलेली प्युरी ओतायची, ती चर्र करून उडते, झाकण हाताशी ठेवा, आणि रंग गडद होऊन कडेला तेल दिसेपर्यंत परतायची. त्यानंतर दीड-दोन लिटर चिकनचा स्टॉक. परतलं नाही तर कच्च्या टोमॅटोचं आंबट पाणी लागतं.

मिरच्या: दोन लिटरला दोन पुरे. मुलं असतील तर एकच, आणि डब्यातला सॉस चमचाभर.

पाटावरवंटा
परतायची पायरी वाचून बरं वाटलं. आमच्या कोल्हापुरात कुणी कच्चं वाटण रश्श्यात ढवळलं तर सासू घरात घेणार नाही. पण दोन मिरच्या? दोन लिटरला? काय ओ, "झणझणीत" म्हणायचं कशाला मग त्याला.

ग्वादालाहाराकर
@पाटावरवंटा, झणझणीत तुम्हीच म्हणताय :) इथलं घरगुती सूप तिखट नसतंच फारसं. तिखट ताटात बाजूला येतं. चिरलेली सेरानो मिरची, कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी आणि एखादा साल्सा टेबलावर असतो, ज्याला पाहिजे त्याने वाडग्यात घालावं. चिपोतले तिखटापेक्षा धुरासाठी आहे. ती पिकलेली लाल हालापेन्यो मिरची, लाकडाच्या धुरावर कितीतरी दिवस सुकवलेली. डब्यात मिळते ती बहुतेक मोरिता जातीची असते, बारकी आणि काळपट लाल, टोमॅटो-व्हिनेगरच्या सॉसमध्ये घातलेली. व्हिनेगर असतं म्हणून सॉस बेताने.

मृण्मयी_शिकागो
बापरे, इतकं सविस्तर! धन्यवाद हो. तिखट वेगळं देण्याची कल्पना तर मुलांसाठी एकदम सोयीची. पण मटणाच्या खिम्याचं कुणी सांगाल का?

वसईचा_भाऊ
महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल बंदच आहे त्यामुळे इकडच्यांनी म्हशीचं नाहीतर बोकडाचं घ्यायचं. बोकडाचा खिमा कोरडा पडतो हे लक्षात ठेवा. खाटकाला सांगायचं खांद्याचं आणि छातीचं दे, चरबीसकट, आणि मशीनमधून दोनदा काढ. एकदाच काढलेला खिमा जाड असतो, त्याचे गोळे हातात वळतात पण रश्श्यात सुटतात. आमच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती) घरांत खिम्याच्या बॉलचं कालवण होतं, बाटली मसाला घालून, तिथेही कुणी तळत नाही. रस्सा उकळला की वरून अलगद सोडतात आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवतात, चमचा नाही.

पोर्क चालत असेल तर थोडं घाला, त्याची चरबी फार उपयोगी पडते.

सुगरणकाकू
पातेलं हलवायचं, हे खरंय, आम्हीही डाळीच्या गोळ्यांच्या आमटीत तेच करतो. तळायचा आग्रह मागे घेते. गरम मसाल्याचा मात्र नाही.

भौतिक
गोळे फुटण्यामागचं कारण सांगतो, म्हणजे वाद मिटेल. (मिटणार नाही.)

खिमा गार असताना मीठ घालून मळला की मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळून चिकट होतं. हाताला चिकटायला लागेपर्यंत मळायचं, दोन-तीन मिनिटं. तेच प्रथिन गरम रश्श्यात घट्ट होऊन जाळी धरतं, त्यामुळे बेसनाची गरजच पडत नाही. खिमा कोमट असेल तर चरबी आधीच वितळून सगळीकडे पसरते आणि जाळी नीट धरत नाही, म्हणून फ्रीजमधून काढून लगेच मळा. गोळे वळून झाले की पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये.

दुसरं, खळखळ उकळी नको. गोळे एकमेकांवर आणि पातेल्यावर आपटतात, फुटण्याचं निम्मं कारण तेच. कडेने बारीक बुडबुडे येत राहतील एवढीच आच.

अमेरिकेत थर्मामीटर असेल तर खिम्याच्या गोळ्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस, टर्की-चिकनसाठी ७४. पण इथे कच्चा तांदूळ शिजायचा आहे म्हणजे त्याच्या पुढे जाणारच.

उंटावरचा_शहाणा
मेक्सिकोत तांदूळ शिजायला जास्त वेळ लागत असणार मग? उंचीमुळे?

भौतिक
हो! मेक्सिको सिटी साधारण २,२४० मीटरवर आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू ढोबळमानाने एक अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. आपलं महाबळेश्वर १,३५० च्या आसपास, तिथेही डाळ रेंगाळते हे ज्यांनी बंगला भाड्याने घेऊन स्वयंपाक केलाय त्यांना माहीत असेल.

ग्वादालाहाराकर
बरोब्बर. म्हणूनच इथे घराघरात प्रेशर कुकर असतो, राजमा-घेवड्यासाठी. पण अल्बोन्दिगास कुकरला लावलेले मी कुठे पाहिले नाहीत. आणि मेक्सिको म्हणजे वाळवंट आणि निवडुंग अशी आपली समजूत असते, तर तोलुकाला जाऊन बघा डिसेंबरात. २,६०० मीटरच्या वर आहे ते, पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो, आणि बाजारात सकाळी लोक मोठ्या मगातून सूप पीत उभे असतात.

साबुदाणा
वाचतेय. आणि भूक लागतेय. आणि घरात फक्त पडवळ आहे.

खादाडखाऊ
पडवळात खिमा भरून, चिपोतलेत सोडा. फ्यूजन.

पाटावरवंटा
मला एक सांगा, चिपोतलेचा डबा कोल्हापुरात मिळणार कुठे. मुंबई-पुण्यात मिळत असेल, इथे नाही, आणि ऑनलाइन मागवायचा तर त्या किमतीत अर्धा किलो मटण येतं. घरच्या मिरचीत कसं बसवायचं?

निव्वळ_शाकाहारी
मीही तेच विचारणार होते, फक्त मटणाशिवाय. शाकाहारी आवृत्ती होईल का? सोया ग्रॅन्यूल्स नकोत, मला त्याचा वास नाही आवडत.

वसईचा_भाऊ
लो, आला पनीर.

निव्वळ_शाकाहारी
पनीर कुणी म्हटलं? भाऊ, वाचा तरी आधी.

सुगरणकाकू
@निव्वळ_शाकाहारी, हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून जाडसर वाट, त्यात पुदिना, जिरं, लसूण, मीठ, चिमूटभर हिंग आणि दोन चमचे तांदळाचा रवा. गोळे वळून आधी दहा मिनिटं मोदकपात्रात वाफवून घे, मग रश्श्यात. कच्चे सोडलेस तर नक्की विरघळतील, इथे मायोसिन नाही :) विदर्भात गोळे वाफवून भातात घालतात, त्यातलाच प्रकार. रश्श्याला स्टॉक म्हणून गाजर, कांदा, कोथिंबिरीच्या काड्या उकळून घे.

ग्वादालाहाराकर
काकू भारी. हिंगाबद्दल मी काही बोलत नाही.

मिरचीचं: इथे सगळेच चिपोतले वापरतात असं नाही. कुणी ग्वाहीयो घालतात, त्याने लालभडक रंग येतो आणि तिखट बेताचं. बिया काढायच्या, तव्यावर दहा-पंधरा सेकंद प्रत्येक बाजूने, करपली की कडू होते, मग गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाटायची आणि गाळायची. आपली ब्याडगी हे काम चोख करते. सुरकुतलेली, रंगाला भरपूर, तिखटाला कमी. चार-पाच घ्या. थोडं तिखट हवं तर एक संकेश्वरी. राहिला धूर.

पाटावरवंटा
धुराला कोळसा! वाटीत पेटता निखारा, वर थेंबभर तूप, पातेल्यात ठेवून झाकण.

उंटावरचा_शहाणा
तूप नको, तेल. तुपाचा धूर आला की डोक्यात थेट बिर्याणी वाजायला लागते.

भौतिक
आणि धुंगार सूपला देण्याऐवजी भिजवलेल्या मिरच्यांना द्या, वाटायच्या आधी. पातळ सूपवर धूर वरवरच राहतो आणि वाडग्यात वाढेपर्यंत निम्मा उडून जातो. मिरच्या ओल्या असताना चाळणीत पसरून खाली निखारा ठेवला तर पंधरा मिनिटांत चांगला मुरतो. टोमॅटो गॅसच्या आचेवर थेट भाजले तर आणखी थोडा येतो.

आसामात_सध्या
गुवाहाटीला आहे, इकडे नागालँडची चुलीवर टांगून सुकवलेली राजा मिरची मिळते, धूर आयताच. पण अख्खी घालायची हिंमत करू नका, नखाएवढा तुकडा दोन लिटरला, आणि तो रश्श्यात अख्खाच सोडून शेवटी काढून टाकायचा. वाटला तर पाहुणे परत येणार नाहीत.

पाटावरवंटा
आता कसं बोललात!

खादाडखाऊ
धाग्याला आता कुठे उकळी फुटली. बरं सोबत काय? पाव? भाकरी? मक्याची भाकरी म्हणजेच टॉर्टिया ना शेवटी?

ग्वादालाहाराकर
नाही हो. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, साल काढून, धुऊन दळतात. त्याने पीठ चिकट होतं, पातळ लाटलं तरी तुटत नाही, आणि वास पूर्ण वेगळा येतो. मक्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, तेही त्यामुळेच शरीराला मिळतं. चुना न घालता नुसता मकाच मुख्य अन्न म्हणून खाल्लेल्या देशांत पेलाग्राची, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाची, साथ आली होती, हे लोक हजारो वर्षं खातायत आणि त्यांना काही झालं नाही. आपल्या मक्याच्या पिठाच्या भाकरीला ती चव नाही, पण सूपबरोबर भाकरी वाईट लागेल असं मी म्हणणार नाही. तांदळाची तर उत्तमच.

सुगरणकाकू
चुना! आणि आम्ही तो पानाला लावत बसलो.

वसईचा_भाऊ
मिरची त्यांची, टोमॅटो त्यांचा, मका त्यांचा, बटाटा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीज गोव्याला घेऊन आले नसते तर काकूंच्या गरम मसाल्याचं रश्श्यात काय झालं असतं विचार करा.

सुगरणकाकू
मिरं होतं आमच्याकडे. चाललं असतं.

निव्वळ_शाकाहारी
+१ काकू.

मालवणी_सून
इतका वेळ खिमा-खिमा चाललंय म्हणून विचारते, माशाचं काही नाही का त्यांच्यात? आमच्याकडे मटण रविवारीच.

ग्वादालाहाराकर
आहे की! पॅसिफिक किनाऱ्यावर, सिनालोआ-नायारीत राज्यांच्या बाजूला, अल्बोन्दिगास दे कामारोन, म्हणजे कोळंबीचे गोळे. कच्ची कोळंबी सोलून, धागा काढून, निम्मी बारीक वाटायची, निम्मी सुरीने जाडसर चिरायची, त्यात कांदा, कोथिंबीर, मीठ, थोडं मक्याचं पीठ. तांदूळ नाही घालत, कारण कोळंबी आठ-दहा मिनिटांत शिजते, तेवढ्यात तांदूळ कच्चा राहील. आणि डोकी-सालं टाकायची नाहीत, त्यांचाच स्टॉक. सालं तेलात लाल होईपर्यंत परता, पाणी घाला, वीस मिनिटं उकळा, गाळा.

मालवणी_सून
आत्ता माझ्या कामाचं बोललात. डोक्यांचा रस्सा आम्ही काय सोडणार होतो थोडाच. उद्या बाजाराचा वार आहे.

मृण्मयी_शिकागो
मंडळी, झालं शनिवारचं. सविस्तर लिहायला आज वेळ मिळाला.

शेवटी बोकडाचा खिमा दोन भाग आणि टर्कीच्या मांडीचा एक भाग असा घेतला, दोनदा काढून. खिमा गार असतानाच मीठ घालून मळला आणि गोळे वळून फ्रीजमध्ये ठेवले. भिजवलेला कच्चा तांदूळ, पुदिना भरपूर. गोळे सोडल्यावर नवरा सारखा चमचा घेऊन येत होता त्याला स्वयंपाकघराबाहेर बसवला. एकही फुटला नाही. दहा मिनिटांनी वर आले, आणि पाऊण तासाने एक मोडून पाहिला तर तांदळाचे दाणे चहूबाजूंनी टोकं काढून बसलेले, आत पूर्ण शिजलेले. टर्कीमुळे की काय कोण जाणे, पण अजिबात कोरडे नव्हते.

प्युरी परतताना गाऊनवर उडली ते वेगळं. पण ती पायरी कुणीही गाळू नका, रंग केशरीचा विटकरी झाला आणि आंबटपणा गेला. चिपोतले एकच, सॉस दीड चमचा. मुलांनी पाणी न मागता खाल्लं. मोठ्यांसाठी मिरची-कांदा-कोथिंबीर-लिंबू बाजूला, आणि लिंबू पिळल्यावर ते सूप एकदम उघडतं, ते विसरू नका. पुएब्लाची मैत्रीणही आली होती, तिने चव घेऊन विचारलं की मटण कशाचं, बोकडाचं म्हटल्यावर म्हणाली मेक्सिकोत बोकडाचं बिऱ्या नावाचं मसालेदार कालवण करतात, सूपमध्ये पहिल्यांदाच खातेय, आणि दुसरी वाटी घेतली.

तक्रार एकच. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढलं तर सूप जवळजवळ नाहीसं. गोळे टम्म आणि पातेल्यात दोन पळ्या रस्सा.

खादाडखाऊ
फोटो???

मृण्मयी_शिकागो
आठ माणसं आणि एक पातेलं, फोटो काढायला कोण थांबतंय.

ग्वादालाहाराकर
अभिनंदन! तांदूळ रात्रभर रस्सा पितो, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशीसाठी रस्सा थोडा वेगळा काढून ठेवायचा, किंवा सेन्योरा करतात तसं, गोळे कच्चेच ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये घट्ट करायचे, मग पिशवीत भरायचे. परतलेली प्युरी वेगळ्या डब्यात, तीही फ्रीझरला. हवं तेव्हा स्टॉक उकळायचा, प्युरी घालायची आणि गोळे गोठलेलेच सोडायचे, दहा मिनिटं जास्त लागतात एवढंच.

सुगरणकाकू
उरलेल्या टम्म गोळ्यांचं मी सांगते. कांदा परत, गोळे कुस्करून टाक, वरून थोडा गरम मसाला, आणि पावात घाल. आता तरी कुणी अडवू नका.

उंटावरचा_शहाणा
दुसऱ्या दिवशी परवानगी आहे काकू.